पहिली टिग मशीन: एका घरगुती वर्कशॉपची निवड, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

माझ्या धाकट्या मामेभावाला टिग मशीन (टंगस्टनच्या न वितळणाऱ्या सळीने आर्क म्हणजे विजेची ज्योत लावून, आर्गन गॅसच्या पांघरुणाखाली धातू जोडणारी वेल्डिंग मशीन) घ्यायची होती आणि त्याचा प्रश्न एका ओळीचा होता, दादा कुठली घेऊ तेवढं सांग, मी लगेच घेऊन टाकतो. मी नाव सांगितलं नाही. कारण हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, आणि नाव सांगून मोकळं झालं की पुढे महिन्याभरात त्याच माणसाचा फोन येतो की टंगस्टन काळं पडतंय, पत्र्याला भोक पडतंय, गॅस दोन दिवसांत संपला. म्हणून या वेळी आम्ही दोघांनी बसून नीट विचार करून मशीन निवडली, त्याला तीन आठवडे लागले, आणि ते सगळं जसं घडलं तसं इथे लिहितोय, म्हणजे ज्याला आपल्या घरच्या वर्कशॉपसाठी पहिली मशीन घ्यायची आहे त्याला कुठे थांबून विचार करायचा ते कळेल.

आधी त्याची परिस्थिती. घरामागे छोटी शेड, त्यात एक टेबल, बेंच व्हाइस, अँगल ग्राइंडर आणि चार वर्षं वापरलेली एक साधी इन्व्हर्टर मशीन, रॉडने वेल्डिंग करायची. नोकरी वेगळी आहे, हे काम संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी. हात चांगला आहे, २.५ मिमीच्या रॉडने ३ मिमीचा अँगल तो छान जोडतो. अडचण पातळ मालाची. १.२ मिमी जाडीच्या एसएस (स्टेनलेस स्टील) पाइपवर रॉड लावला की एकतर चिकटतो नाहीतर भोक पाडतो, आणि भोक बुजवायला गेलं की भोक मोठं होतं. ज्याने हे केलंय त्याला माहितीये की त्या वेळी किती जीव जळतो, अर्धा दिवस पाइप कापून, घासून, कोन जुळवून तयार केलेला असतो आणि शेवटच्या जोडाला वाट लागते.

मी त्याला पहिलं काम दिलं ते म्हणजे गेल्या वर्षभरात जे जे जोडलंस किंवा जोडायचं होतं पण जमलं नाही म्हणून सोडलंस, ते सगळं एका कागदावर लिही, समोर धातू आणि जाडी लिही. हे मी सगळ्यांनाच सांगतो आणि बहुतेक जण कंटाळा करतात, त्याने केलं. एकूण १७ कामं निघाली. त्यातली १२ साध्या लोखंडाची, १.५ ते ३ मिमी. चार एसएसची, सगळी १ ते १.५ मिमीच्या दरम्यान. आणि एक अल्युमिनियमची, मोटरसायकलचा तुटलेला ब्रॅकेट. तो कागद पुढे आम्हाला इतका उपयोगी पडला की सांगता सोय नाही, कारण मशीन बघायला गेलं की माणसाला सगळंच हवंसं वाटतं आणि त्या वेळी खिशातला कागद बोलतो.

आता आकड्यांचा भाग, तो आधी करून घेतला. लोखंडाला टिगमध्ये ढोबळ हिशोब असा की जाडीच्या दर १ मिमीला साधारण ४० अँपियर. म्हणजे १.५ मिमीला ६०, ३ मिमीला १२०. एसएसला थोडं कमी लागतं कारण त्यातून उष्णता लवकर पसरत नाही, जिथे द्याल तिथेच साठते. म्हणजे त्याच्या कागदावरचं सगळ्यात जड काम १२० अँपियरच्या आसपास होतं आणि सगळ्यात नाजूक काम ३० ते ४० ला. हे समजल्यावर एक गोष्ट आपोआप मिटली, ती म्हणजे २०० की २५० हा वाद. त्याला २०० सुद्धा कधी लागणार नव्हते. उलट खालचा आकडा बघायला हवा होता, मशीन किती कमी अँपियरला आर्क शांत धरते, ५ ला, १० ला की २० ला. समोरच्या डब्यावर मोठा आकडा मोठ्या अक्षरात छापतात, खालचा आकडा माहितीपत्रकात कुठेतरी कोपऱ्यात असतो, आणि पातळ पत्रा जोडणाऱ्याला कामाचा तोच.

मग आमच्यासमोर चार पर्याय होते.

पहिला सगळ्यात स्वस्त. आहे ती रॉडची मशीनच वापरायची, तिच्यावर लिफ्ट टिग असं लिहिलेलं होतंच, फक्त व्हॉल्ववाला टॉर्च (टंगस्टन धरणारी मूठ, गॅस हाताने चालू-बंद करायची) आणि गॅस घ्यायचा. याचा आम्ही मनापासून विचार केला, नुसता कागदावर नाही, एका ओळखीच्या माणसाकडून १७ नंबरचा व्हॉल्ववाला टॉर्च दोन दिवसांसाठी मागून आणला. तिथेच पहिला धडा मिळाला. टॉर्चची पिन १३ मिमीची आणि मशीनचं सॉकेट ९ मिमीच्या पिनचं, बसेचना. लहान मशीनना लहान कनेक्टर असतो त्याला १०-२५ म्हणतात, मोठ्यांना ३५-५०, आणि दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. अडॅप्टर आणला, टॉर्च निगेटिव्हला लावला, अर्थ क्लॅम्प पॉझिटिव्हला. हे उलटं असतं ते लक्षात ठेवा, रॉडला बहुतेक वेळा होल्डर पॉझिटिव्हला असतो, पण टिगमध्ये टॉर्च निगेटिव्हला, कारण तसं केलं की साधारण दोन तृतीयांश उष्णता कामावर जाते आणि टंगस्टन थंड राहतं. चुकून पॉझिटिव्हला लावलं तर टंगस्टनच्या टोकाचा क्षणात गोळा होतो.

जमलं का, तर जमलं. १.५ मिमीच्या लोखंडावर जोड आले, रॉडपेक्षा कितीतरी स्वच्छ. पण दोन संध्याकाळी बघून मला जे दिसलं ते सांगतो, कारण माझ्या मते पहिल्या मशीनच्या निवडीतला हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. या अशा मशीनवर टॉर्चला बटण नसतं. आर्क सुरू करायला टंगस्टन कामाला टेकवून उचलायचं, आणि आर्क थांबवायला टॉर्च मागे ओढायचा, दुसरा मार्गच नाही. आता बघा काय होतं. टिगचा सगळा खेळ गॅसवर आहे, वितळलेला धातू थंड होईपर्यंत त्याच्यावर आर्गनचं पांघरूण राहायला हवं. पण आर्क तोडायला टॉर्च ओढला की ते पांघरूण पण त्याच क्षणी गेलं, आणि अजून लाल असलेला जोड उघड्या हवेत. वर करंट एकदम तोडल्यामुळे शेवटी खड्डा पडतो आणि त्या खड्ड्यात बारीक तडा जायची शक्यता असते. लोखंडावर हे खपून जातं, एसएसवर प्रत्येक जोडाचं शेवटचं टोक करडं आणि खरबरीत. शिवाय मशीन चालू केली की टंगस्टन कायम जिवंत, टॉर्च ठेवताना कुठे टेकला की ठिणगी.

म्हणजे मशीन आर्क सुरू कशी करते हे सगळे विचारतात, ती संपवते कशी हे कोणी विचारत नाही. आणि शिकणाऱ्या माणसाचे निम्मे जोड शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरमध्ये बिघडतात, हे मी इतक्या जणांच्या बाबतीत पाहिलंय की आता कोणी मशीनचं विचारलं की मी आधी डाउनस्लोप आणि पोस्ट फ्लो आहे का तेवढं विचारतो. डाउनस्लोप म्हणजे बटण सोडल्यावर करंट एकदम न तुटता हळूहळू उतरतो, त्या दोन-तीन सेकंदांत फिलरचा, म्हणजे जोडात भरायच्या तारेचा, एक थेंब देऊन खड्डा भरता येतो. पोस्ट फ्लो म्हणजे आर्क विझल्यावरही गॅस काही सेकंद वाहत राहतो, तुम्ही टॉर्च जागेवर धरून ठेवायचा, जोड पण वाचतो आणि टंगस्टन पण.

दुसरा पर्याय जुनी ट्रान्सफॉर्मरवाली टिग मशीन, एका बंद पडलेल्या कारखान्यातून निघालेली. ती बघायला गेलो, मजबूत होती, पण दोन माणसांनी हलेना आणि घरच्या लाइनवर चालणारी नव्हती. विषय संपला.

तिसरा पर्याय एसी-डीसी, म्हणजे दोन्ही प्रकारचा करंट देणारी मशीन, आणि इथे आमचं खूप बोलणं झालं. त्याचं म्हणणं, दादा एकदाच घ्यायची तर सगळं जमणारी घेऊ, उद्या अल्युमिनियम आलं तर? हा विचार चुकीचा नाहीये. अल्युमिनियमला एसी लागतो कारण त्याच्यावर ऑक्साइडची साय असते, आतलं अल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं आणि ती साय वितळायला २०७० च्या आसपास अंश लागतात, म्हणजे साध्या डीसीवर आतला धातू पाण्यासारखा होतो आणि वरची साय पिशवीसारखी त्याला धरून ठेवते, दोन बाजू एकमेकांत मिसळतच नाहीत. एसीमध्ये करंटची दिशा दर सेकंदाला कित्येक वेळा पालटते, टंगस्टन पॉझिटिव्ह असतो त्या अर्ध्या फेरीत साय फुटते आणि निगेटिव्ह असतो त्या अर्ध्यात धातूत उष्णता जाते. टिगचा जन्मच अशा हट्टी धातूंसाठी झालेला आहे, १९४१ च्या सुमारास नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जोडायला टंगस्टन आणि हेलियम वापरून ही पद्धत उभी केली, म्हणून जुने लोक अजून तिला हेलिआर्क म्हणतात.

पण प्रश्न त्याच्या कागदाचा होता. १७ मध्ये एक. त्या एका कामासाठी मशीनची किंमत जवळपास दुपटीला जात होती, कारण एसी बनवायला आत आणखी एक स्विचिंगचा टप्पा लागतो, भाग वाढतात, बिघडायच्या जागा वाढतात. आणि त्याच पैशात बसवायचं म्हटलं तर जी एसी-डीसी मिळत होती तिचा तळाचा करंट २० अँपियर होता आणि एसी बॅलन्सला (साय फोडणाऱ्या आणि उष्णता देणाऱ्या अर्ध्या फेऱ्यांचं प्रमाण) नुसता एक नॉब, डीसीवर पल्स (करंट आपोआप कमी-जास्त होत राहणं) नाही. म्हणजे १६ कामांत तडजोड करून एक काम साधायचं. वर अल्युमिनियम शिकायला वेगळा वेळ द्यावा लागतो, धातू रंग न बदलता अचानक वितळतो, त्यामुळे लोखंडावर हात बसल्याशिवाय त्याच्या मागे लागू नये असं माझं ठाम मत आहे. मी त्याला एवढंच म्हटलं की तुझ्या यादीत पाच-सहा अल्युमिनियमची कामं असती तर मीच तुला म्हटलं असतं की सहा महिने थांब, पैसे साठव आणि चांगली एसी-डीसीच घे, मधली काही घेऊ नकोस. ज्यांची यादी तशी आहे त्यांनी माझा पुढचा निर्णय जसाच्या तसा उचलू नये.

तर उरला चौथा, डीसी टिग, एचएफ स्टार्टवाली. एचएफ (हाय फ्रिक्वेन्सी) म्हणजे टंगस्टन कामाला न टेकता दोन-तीन मिमी वर धरून बटण दाबायचं, उच्च दाबाची ठिणगी मधली जागा ओलांडते आणि आर्क लागतो. टंगस्टन कामाला चिकटत नाही, टोक खराब होत नाही. यात फक्त एक काळजी, त्या ठिणगीने जवळच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंना त्रास होऊ शकतो आणि ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जवळसुद्धा येऊ नये. शेडला लागून आमच्या मामांची खोली, त्यांना तसं काही नाही म्हणून प्रश्न आला नाही, पण आम्ही तो विचारून घेतला.

आता पैसे. इथे बहुतेक जण फसतात ते मशीनच्या किमतीत नाही, बाकीच्या सामानात. त्याच्याकडे जेवढे पैसे होते त्याचे मी १०० भाग धरले आणि सांगितलं की मशीनला ५० च्या वर जायचं नाही. २५ सिलिंडर, त्यातला गॅस आणि फ्लोमीटरवाला रेग्युलेटर. १० हेल्मेटला. उरलेले १५ टंगस्टन, कप (टॉर्चच्या तोंडाशी गॅस सोडणारी टोपी), कॉलेट (टंगस्टन पकडणारी नळी), फिलर वायर, हातमोजे आणि लाइनच्या कामाला. त्याला हे पटायला वेळ लागला कारण ५० मध्ये येणारी मशीन आणि ८० मध्ये येणारी मशीन यांच्यात दिसायला फार फरक. पण ८० ची मशीन आणून गॅसला पैसे उरले नाहीत म्हणून ती तीन महिने कापडाखाली झाकून ठेवलेली मी बघितलीय, फार वाईट वाटतं.

हेल्मेटबद्दल एक सांगतो. त्याच्याकडे रॉडचं आपोआप काळं होणारं हेल्मेट होतं, दोन सेन्सरचं. रॉडला चालायचं, पण टिगचा २०-३० अँपियरचा आर्क इतका शांत आणि स्थिर असतो की स्वस्त सेन्सरला तो कळतच नाही, आणि काच मधेच उघडते. डोळ्यांवर सरळ अतिनील प्रकाश. टिगमध्ये धूर जवळपास नसतो त्यामुळे तो प्रकाश अडवायला काही नसतंच, बाह्या दुमडून काम केलं तर तासाभरात हात भाजल्यासारखे लाल होतात. म्हणून कमी करंटच्या टिगला चालेल असं स्पष्ट लिहिलेलं, चार सेन्सरचं घेतलं. यात काटकसर करायची नाही.

ड्यूटी सायकलचा हिशोब पण लिहितो कारण त्यावरून एक मशीन आम्ही सोडली. दहा मिनिटांच्या फेरीत किती मिनिटं सलग चालेल ती टक्केवारी, आणि आयईसी ६०९७४-१ हे मानक पाळणारी मशीन ती ४० अंश तापमानाला मोजलेली सांगते. एका मशीनवर २०० अँपियरला ६० टक्के असं लिहिलं होतं, पण कुठल्या तापमानाला ते नव्हतं, आणि मशीनच्या मागच्या माहितीच्या पट्टीवर आकडेच नव्हते. दुसरीवर २०० ला २० टक्के लिहिलेलं, म्हणजे ऐकायला कमी, पण पट्टी पूर्ण भरलेली. ढोबळमानाने करंटचा वर्ग गुणिले टक्केवारी सारखी राहते, त्यामुळे २०० ला २० टक्के म्हणजे ११५ ला जवळपास ६० टक्के आणि ९० च्या खाली सलग. त्याच्या कामाला भरपूर. आम्ही २० टक्केवालीच्या बाजूने गेलो, कारण जो पूर्ण पट्टी छापतो त्याने निदान मोजलेलं तरी असतं.

त्याच पट्टीवर लाइनमधून किती करंट खेचेल ते पण असतं, कमाल आणि प्रभावी (इफेक्टिव्ह) असे दोन आकडे. टिग रॉडपेक्षा कमी वीज खाते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. टिगचा आर्क कमी व्होल्टेजचा, १२० अँपियरला साधारण १५ व्होल्ट, म्हणजे १८०० वॅट, तेच रॉडला २५ व्होल्टच्या आसपास. २३० व्होल्टच्या लाइनवर मशीनमध्ये वाया जाणारी वीज आणि पॉवर फॅक्टर धरून १२० अँपियरच्या टिगला साधारण १४ अँपियर आत जातात. १६ अँपियरच्या सॉकेटवर बसतं. त्यामुळे नवी लाइन ओढायचा खर्च वाचला, फक्त सॉकेट आणि अर्थिंग तपासून घेतलं.

मशीन घ्यायच्या आधी चालवून बघायची हा माझा हट्ट होता आणि दोन ठिकाणी विकणाऱ्याने नकार दिला, तिथून आम्ही निघून आलो. तिसऱ्या ठिकाणी गॅस जोडलेला होता. आम्ही घरून त्याच एसएस पाइपचे दोन तुकडे नेले, १.२ मिमी, आणि १.६ मिमीचं टंगस्टन लांबीच्या दिशेने घासून, टोक जाडीच्या दोन-अडीच पट लांब निमुळतं करून नेलं. आधी १० अँपियरला नुसता आर्क लावून धरला. चांगल्या मशीनवर तो बारीक, निळसर सुळका होऊन एका जागी उभा राहतो आणि आवाज जवळपास नसतो. एका मशीनवर तो डावी-उजवीकडे भटकत होता, टंगस्टन बदलून बघितलं तरी तसंच. दुसरीवर स्थिर. मग ४० ला जोड मारला, बटण सोडलं, आणि मी भावाला म्हटलं हात हलवू नकोस, तिथेच धर. करंट उतरताना वितळलेला थेंब बाहेरून आत आटत गेला, बटणाएवढा, मग टाचणीच्या डोक्याएवढा, मग नुसतीच चकाकी, आणि वरून गॅसची बारीक फुसफुस सहा सेकंद चालू. कप बाजूला केला तेव्हा टोकावर खड्डा नव्हता आणि जोडाचा रंग फिकट सोनेरी होता. टंगस्टन बघितलं, चांदीसारखं स्वच्छ. ते निळं-काळं झालं असतं तर पोस्ट फ्लो कमी पडतोय असं समजायचं. भाऊ काही बोलला नाही, नुसतं त्या तुकड्यावरून बोट फिरवत राहिला, मला तेव्हाच कळलं की मशीन ठरली.

घेतली ती अशी: डीसी, एचएफ आणि लिफ्ट दोन्ही, तळ १० अँपियर, डाउनस्लोप, पोस्ट फ्लो, टू-टी फोर-टी (बटण धरून ठेवायचं की दाबून सोडायचं याची निवड), साधा पल्स, ३५-५० चा कनेक्टर, २६ नंबरचा टॉर्च. २६ चा टॉर्च हाताला जड लागतो, मी १७ चा सुचवला असता, तो हवेने थंड होणारा १५० अँपियरचा आणि त्याच्या कामाला पुरेसा. पण दोघांचे कप आणि कॉलेट एकच, त्यामुळे पुढे टॉर्च बदलला तरी सामान वाया जात नाही. करंट कमी-जास्त करायचं पायाचं पेडल घेतलं नाही. मशीनला त्याचं सॉकेट आहे, पण पिनांची रचना प्रत्येकाची वेगळी असते, त्याच मशीनचं पेडल मिळेल तेव्हा घेऊ असं ठरलं.

टंगस्टनमध्ये लाल टोकाचं सगळीकडे मिळतं, त्यात थोरियम असतं आणि ते थोडं किरणोत्सारी, घासताना धूळ उडते. त्यापेक्षा सोनेरी किंवा निळ्या टोकाचं लँथेनमवालं घ्या, डीसीला तितकंच चांगलं चालतं आणि पुढे एसी घेतली तरी चालेल.

गॅस शुद्ध आर्गन, मिगसाठीचं (तारेच्या रिळावर चालणाऱ्या वेल्डिंगचं) सीओटू मिसळलेलं चालत नाही, टंगस्टन लगेच जळतं. सिलिंडर १० लिटर पाण्याच्या क्षमतेचा, १५० बारला भरला की साधारण १५०० लिटर गॅस. मिनिटाला ८ लिटर धरले तर तीन तासांहून थोडा जास्त आर्क. हे वाचून खूप वाटतं, पण टाके (तुकडे जागेवर धरायला मारलेले छोटे जोड) मारताना प्रत्येक टाक्यामागे पोस्ट फ्लोचे सहा सेकंद जातात, म्हणजे ०.८ लिटर, १०० टाके मारले की ८० लिटर नुसते पोस्ट फ्लोलाच. म्हणून टाक्यांसाठी पोस्ट फ्लो तीन सेकंदांवर आणायचा आणि जोडाला परत वाढवायचा.

पहिल्या आठवड्यात तीन अडचणी आल्या आणि तिन्ही मशीनच्या नव्हत्या. जोडात बारीक छिद्रं येत होती, भावाने गॅस ८ वरून १५ आणि मग २० वर नेला, छिद्रं वाढली. जास्त गॅस सोडला की कपाच्या तोंडाशी तो घुसळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो, त्यामुळे जास्त म्हणजे चांगलं हे इथे खोटं ठरतं. ६ नंबरच्या कपाला, म्हणजे साडेनऊ मिमी तोंडाला, ७-८ लिटर भरपूर. खरं कारण शेडमधला पंखा होता, तो टेबलावर सरळ लागत होता. पंखा भिंतीकडे फिरवला, निम्मी छिद्रं गेली. उरलेली का जात नाहीत म्हणून साबणाचं पाणी करून सगळ्या जोडांवर लावलं, तर रेग्युलेटर आणि नळीच्या जोडावर बुडबुडे. नट अर्धा फेरा आवळला. त्या रात्री सिलिंडरचा काटा बघून ठेवला, सकाळी जागेवर होता.

दुसरी अडचण माझ्या सल्ल्यामुळे आली, ते सांगायला हवं. मी म्हटलं होतं तात्पुरतं घरातलं एक्स्टेंशन वापर. ते २५ मीटरचं आणि आतली तार १ चौरस मिमीची. १६ अँपियर गेले की त्या तारेतच १४ व्होल्ट पडतात, गुंडाळी न सोडता वापरलं तर ती तापते पण. आर्क मधेच दचकत होता आणि आम्ही टंगस्टन बदलत बसलो. गुंडाळीला हात लावल्यावर चटका बसला तेव्हा कळलं. २.५ चौरस मिमीची आठ मीटरची केबल करून घेतली, त्यानंतर तो त्रास नाही. आधीच सांगायला हवं होतं मी.

तिसरी गोष्ट अडचण नाही, धोका होता, आणि तो टळला याचं मला आजही बरं वाटतं. टिगला धातू अगदी स्वच्छ लागतो म्हणून तो पाइपावर गाड्यांचा ब्रेक क्लीनर फवारून पुसायला निघाला होता. त्यातल्या काहींमध्ये क्लोरीनवाले द्रावण असतात आणि आर्कच्या उष्णतेने आणि अतिनील प्रकाशाने त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. थोडासा सुद्धा घातक. डबा हातातून काढून घेतला आणि ॲसिटोन दिलं, तेही पूर्ण उडून गेल्यावरच आर्क, आणि बाटली बंद करून शेडबाहेर. तसंच गॅल्वनाइज्ड पाइप घासल्याशिवाय जोडायचा नाही, जस्ताच्या धुराने ताप भरतो. सिलिंडर भिंतीला साखळीने बांधला, उभा. आर्गन हवेपेक्षा जड आहे, जमिनीलगत साठतो, त्यामुळे शेडचं दार काम चालू असताना उघडं ठेवायचं ठरलं, फक्त वारा टेबलावर येणार नाही असा पडदा लावला, त्याने बाहेरून बघणाऱ्या पोरांचे डोळे पण वाचतात.

आता आठ महिने झालेत. एसएससाठी ३०८एलची आणि लोखंडासाठी ७०एस-२ ची १.६ मिमी वायर चालू आहे. १.२ मिमीचा पाइप तो आता ४० अँपियरला, आर्क दीड-दोन मिमीच्या वर न जाऊ देता, न घाबरता जोडतो. पल्स त्याने पहिले तीन महिने बंदच ठेवला होता, मीच सांगितलं होतं, आधी हाताची लय बसू दे. गॅस लेन्स (टॉर्चमध्ये बसणारी बारीक जाळी, गॅस सरळ सोडणारी) लावली तेव्हा कोपऱ्यातल्या जोडांना फार फरक पडला, टंगस्टन जास्त बाहेर काढता येतं, माझ्या मते ती सुरुवातीलाच घ्यायला हवी होती, स्वस्तात मोठा फायदा. मशीन एकदाच गरम होऊन थांबली, ती पण रॉडने १६० वर सलग काम करताना.

तो कागद अजून शेडच्या दाराला चिकटवलेला आहे आणि त्याखाली नवीन कामं लिहिणं चालू आहे. आठ महिन्यांत २३ झाली, त्यात अल्युमिनियमची दोन, दोन्ही त्याने बाहेरून एसीवर करून घेतली. पुढच्या महिन्यात सिलिंडर तिसऱ्यांदा भरायचाय, आणि मशीनच्या पिनांना जुळणारं पेडल सापडलंय, या रविवारी ते लावून बघणार आहोत.